सर्व्हर आपोआप रीबूट झाला? आधी शेवटची ओळ वाचा

सकाळी मॉनिटरिंगचा निरोप येऊन पडलेला असतो: पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी सर्व्हर गेला, ३ वाजून १६ मिनिटांनी परत आला. आता सगळं सुरळीत आहे. साइट उघडतेय, डेटाबेस उत्तरं देतोय. याच अवस्थेत बहुतेक जण चुकतात. 'चालतंय ना, मग झालं' म्हणून विषय सोडून देतात, आणि काही दिवसांनी तोच निरोप पुन्हा येतो, या वेळी भर कामाच्या वेळेत.

भाड्याच्या डेडिकेटेड (फक्त आपल्यासाठी राखलेल्या) सर्व्हरची गोची अशी की यंत्र आपल्या ताब्यात असतं, पण हाताशी नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमचे लॉग, म्हणजे घटनांच्या नोंदी, आपल्याकडे. वीज, रॅक, केबल आणि तिथे फिरणारा तंत्रज्ञ होस्टिंग कंपनीकडे. म्हणून तपासाचा अर्धा भाग आपण करायचा आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नेमके प्रश्न विचारायचे. आधीच कंपनीकडे तिकीट (मदतीची विनंती) टाकून 'सर्व्हर का बंद पडला?' असं विचारलं, तर 'आमच्या बाजूने सर्व ठीक दिसत आहे' यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही.

पुढचं सगळं सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेलं लिनक्स गृहीत धरून आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पुरावा आधी उचलून ठेवा

पहिला नियम: तपास संपेपर्यंत पुन्हा रीबूट करू नका आणि घाईघाईने अपडेटही चढवू नका. लॉग फिरत राहतात, जुने पुसले जातात, आणि उद्या कंपनीने अख्खं यंत्रच बदलून दिलं तर काही पुरावे त्याच्यासोबत जातील. मागच्या बूटचा जर्नल (सिस्टिमडीची नोंदवही), आताच्या बूटचे कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) संदेश, /व्हार/लॉग ही डिरेक्टरी, प्रत्येक डिस्कचं 'स्मार्टसीटीएल -एक्स'चं आउटपुट आणि सर्व्हरला बीएमसी (मुख्य यंत्रापासून स्वतंत्र चालणारी देखरेखीची चिप) असेल तर त्याची घटनानोंद, हे सगळं दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग रीबूट खरंच झालाय का ते बघा. ऐकायला वेडगळ वाटेल, पण 'अपटाइम' चालवल्यावर सर्व्हर १४० दिवस अखंड चालू आहे असं दिसलं, तर बंद पडलं होतं ते नेटवर्क आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. 'हू -बी' शेवटच्या बूटची वेळ थेट सांगतं.

वेळेवरून आठवलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), मॉनिटरिंग तुमच्या वेळेत, कंपनीचं पॅनेल डेटा सेंटरच्या स्थानिक वेळेत आणि बीएमसीचं घड्याळ स्वतःच्याच तंद्रीत, अशी चार घड्याळं या गोष्टीत असतात. मी एकदा संध्याकाळभर एका क्रॉन जॉबवर (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) संशय घेऊन बसलो होतो. शेवटी कळलं की तो रीबूटच्या दोन तास आधी चालून संपला होता. तेव्हापासून कागद घेऊन सगळ्या वेळा आधी यूटीसीत उतरवतो. बीएमसीचं घड्याळ 'आयपीएमआयटूल सेल टाइम गेट' ने बघता येतं. त्यात आणि खऱ्या वेळेत किती फरक आहे तो त्याच कागदावर लिहा.

सर्व्हर कसा गेला: निरोप घेऊन की न सांगता?

अख्ख्या तपासाला इथे फाटा फुटतो. यंत्र व्यवस्थित बंद होऊन पुन्हा सुरू झालं, की बोलता बोलता मध्येच गप्प झालं? पहिल्या प्रकारात कोणीतरी किंवा कशानेतरी आज्ञा दिलेली असते. दुसऱ्यात वीज, हार्डवेअर, कर्नल, वॉचडॉग (यंत्र गोठलं की रीसेट देणारा टायमर) किंवा रीसेटचं बटण. दोन्हींचे संशयित वेगळे आहेत, त्यामुळे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' चालवा. प्रत्येक बूटची पहिली आणि शेवटची नोंद वेळेसह दिसेल. मग 'जर्नलसीटीएल -बी -१ -एन १००' ने मागच्या बूटच्या शेवटच्या शंभर ओळी वाचा. व्यवस्थित शटडाउनचा शेवट ओळखू येतो: एकेक सेवा थांबल्याची नोंद, रीबूटचं टार्गेट गाठल्याची ओळ आणि अगदी तळाशी जर्नल थांबल्याचा संदेश. अचानक गेलेल्या यंत्राचा शेवट याच्या उलट असतो. कुठल्यातरी किरकोळ क्रॉनची किंवा एसएसएच लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नाची ओळ, आणि त्यानंतर काहीच नाही.

ही शांतता वाचताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. जर्नल प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. मूळ सेटिंगनुसार हे काम ५ मिनिटांच्या अंतराने होतं. फक्त क्रिटिकल आणि त्यावरच्या पातळीचे संदेश ताबडतोब उतरवले जातात. म्हणजे शेवटची नोंद ३ वाजून ९ मिनिटांची दिसली, म्हणून सर्व्हर ३:०९ लाच गेला असं नाही. शेवटची काही मिनिटं मेमरीतच विरून गेलेली असू शकतात. नेमक्या वेळेसाठी मॉनिटरिंगवर जास्त भरवसा ठेवा.

मागचा बूट यादीत दिसतच नसेल, तर तुमचा जर्नल /रन मध्ये म्हणजे मेमरीत राहतोय. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरीच नसली की असं होतं. मग आरसिसलॉगच्या जुन्या साध्या फायली, सिसलॉग किंवा मेसेजेस, एवढाच आधार उरतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे 'लास्ट -एक्स'. त्यात रीबूटच्या नोंदीआधी शटडाउनची नोंद असली तर शटडाउन रीतसर झाला. ती नसेल आणि त्या वेळी लॉगिन असलेल्या सत्रांपुढे 'क्रॅश' लिहिलेलं असेल, तर यंत्र न सांगता गेलं. पण 'क्रॅश' या शब्दाने घाबरून जाऊ नका. शटडाउनची नोंद सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्नल कोसळला असा नाही. डेबियन १३ पासून ही कमांड मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही, तिथे 'डब्ल्यूटीएमपीडीबी' वापरावं लागतं.

तिसरी साक्ष पुढच्या बूटची. 'जर्नलसीटीएल -बी -के' मध्ये फाइल सिस्टिमने जर्नल रिकव्हरी केल्याची ओळ, रेड अॅरे (एकत्र जोडलेल्या डिस्क) 'नॉट क्लीन' असल्याची तक्रार, /प्रॉक/एमडीस्टॅट मध्ये सुरू असलेला रीसिंक, किंवा जर्नलडीची आधीची फाइल नीट बंद झाली नव्हती अशी कुरकुर, यातलं काहीही दिसलं तर निकाल पक्का. अचानक गेला.

निरोप घेऊन गेला असेल तर

मग यंत्राला दोष देऊ नका. आपलीच माणसं आणि आपल्याच सेटिंग्ज तपासा. हे सांगताना थोडं ओशाळायला होतं, कारण एका सर्व्हरबद्दल मी होस्टिंग कंपनीशी तीन दिवस वाद घातला होता आणि रीबूट लावणारी सेटिंग मीच सहा महिन्यांपूर्वी लिहून विसरून गेलो होतो.

डेबियन आणि उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्सची (आपोआप अपडेट चढवणाऱ्या पॅकेजची) ऑटोमॅटिक-रीबूट ही सेटिंग बघा. मुळात ती बंद असते, पण कोणाच्या तरी सेटअप स्क्रिप्टने ती चालू केलेली असू शकते. त्याचे लॉग /व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स मध्ये सापडतात. रेड हॅट कुळात डीएनएफ-ऑटोमॅटिकच्या कॉन्फिगमध्ये रीबूटची ओळ असते. ती 'नेव्हर' सोडून काही असेल तर पाणी तिथेच मुरतंय. रीबूटच्या आधी आणि नंतर कर्नलची आवृत्ती बदललीय का, हेही पाहा. बदलली असेल तर अपडेटवरचा संशय बळावतो.

मग सुडोच्या नोंदी, रूटचा क्रॉनटॅब, सिस्टिमडीचे टायमर आणि अॅन्सिबलसारखं काही बाहेरून चालत असेल तर त्याचा इतिहास. ऑडिटडी ही सुरक्षेच्या नोंदी ठेवणारी सेवा चालू असेल तर 'एयूसर्च -एम सिस्टिम_शटडाउन' ने नोंद मिळते.

भाड्याच्या सर्व्हरवर अजून दोन दारं असतात, ती सहज विसरली जातात. लॉगिनडी या सिस्टिमडीच्या लॉगिन सेवेच्या नोंदीत पॉवर-की दाबल्याचा संदेश असेल, तर कोणीतरी पॅनेलमधून सॉफ्ट रीबूट दिलाय किंवा प्रत्यक्ष बटण दाबलंय. पॅनेलचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, एपीआयची चावी कुठल्या स्क्रिप्टमध्ये पडलीय, हे तेव्हा आठवायचं. दुसरं दार कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं. तंत्रज्ञाने चुकून शेजारच्याऐवजी तुमच्या सर्व्हरला कीबोर्ड लावला आणि या तीन कळा दाबल्या, की सिस्टिमडी मूळ सेटिंगनुसार गुमान रीबूट करतं. ते नको असेल तर 'सिस्टिमसीटीएल मास्क कंट्रोल-ऑल्ट-डेल.टार्गेट' करून टाका. याने माझं तरी कधी काही अडलेलं नाही.

आज्ञा दिली कोणी, हे यातल्या कशातूनच उलगडलं नाही, तर प्रश्न स्थिरतेचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. त्या वेळची सगळी लॉगिन, नवे एसएसएच की आणि पॅनेलमधून रेस्क्यू मोड (तात्पुरत्या वेगळ्या सिस्टिमवरचा बूट) लावला गेला होता का, हे तपासा. रेस्क्यू मोडमध्ये तुमच्या लॉगमध्ये काहीच उमटत नाही, फक्त दोन बूटमध्ये एक मोठं भगदाड दिसतं.

न सांगता गेला असेल तर

एक गैरसमज आधी दूर करतो. लॉगमध्ये ओओएम किलरची ओळ दिसली की पुष्कळ जण तपास तिथेच थांबवतात: मेमरी संपली, म्हणून रीबूट झाला. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ओओएम किलर प्रोसेस मारतो, यंत्र रीबूट करत नाही. 'व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम' मुद्दाम चालू केलं असेल तरच गोष्ट वेगळी.

आता कर्नल पॅनिकचा, म्हणजे कर्नलच कोसळण्याचा, हिशेब. 'सिससीटीएल कर्नल.पॅनिक' बघा. उत्तर ० आलं, तर पॅनिक झाल्यावर यंत्र गोठून बसतं, स्वतःहून परत येत नाही. म्हणजे शून्य असूनही तुमचा सर्व्हर चार मिनिटांत परत आला असेल, तर एक तर पॅनिक झालंच नव्हतं, नाही तर कोणीतरी बाहेरून रीसेट दिला. हा 'कोणीतरी' वॉचडॉग असू शकतो, किंवा पिंग थांबल्यावर रीसेट देणारी कंपनीची स्वतःची देखरेख व्यवस्था. आकडा धन असेल तर तेवढ्या सेकंदांनी पॅनिकनंतर रीबूट होतो आणि पॅनिक संशयितांच्या यादीत राहतं. त्याचे शेवटचे शब्द कधीकधी /एसवायएस/एफएस/पीस्टोर मध्ये जपलेले असतात. सिस्टिमडी ते उचलून /व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोर मध्ये ठेवतं. केडंप (पॅनिकच्या क्षणीची मेमरी जपणारी व्यवस्था) लावलेलं असेल तर /व्हार/क्रॅश बघा.

वॉचडॉगचं 'डब्ल्यूडीसीटीएल' ने कळतं. आधीचा रीबूट वॉचडॉगनेच केला का, हे तिथली बूट-स्थिती सांगते, अर्थात ड्रायव्हर ती माहिती देत असेल तर. वॉचडॉगने रीसेट दिला असेल तर मूळ घटना गोठण्याची आहे, हे ध्यानात घ्या. वॉचडॉगने फक्त झोपलेल्याला हलवलं.

हार्डवेअरची कबुली पुढच्या बूटच्या कर्नल संदेशांत सापडते, आणि ही जागा फार कमी लोक बघतात. 'जर्नलसीटीएल -बी -के' मध्ये 'हार्डवेअर एरर', 'एमसीई' आणि 'बर्ट' हे शब्द शोधा. प्रोसेसरच्या मशीन-चेक (एमसीई) नोंदी साध्या रीसेटनंतर पुसल्या जात नाहीत, कर्नल त्या उठल्याबरोबर वाचतो. बर्ट हे फर्मवेअरचं टेबल तर मागच्या बूटमधल्या जीवघेण्या चुकांसाठीच असतं. एएमडीच्या झेन प्रोसेसरवर अलीकडचे कर्नल मागच्या रीसेटचं कारणही छापतात. ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) मेमरी असेल तर रासडीमन या हार्डवेअरच्या चुका नोंदणाऱ्या सेवेचं 'आरएएस-एमसी-सीटीएल --एरर्स' बघा. दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा मेमरीच्या त्याच पट्टीवर वाढत असेल, तर ती पट्टी बदलून घ्यायची वेळ झाली.

स्वस्तातले डेडिकेटेड सर्व्हर बऱ्याचदा डेस्कटॉप प्रोसेसरवर चालतात. तुमच्याकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलेला व्होल्टेजचा दोष आठवा. त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, ती बदलावीच लागते.

बीएमसी असेल तर 'आयपीएमआयटूल सेल ईलिस्ट' हा सोन्याचा तुकडा. वीजपुरवठा गेला, दुरुस्त न होणारी ईसीसी चूक, आयईआरआर (प्रोसेसरची अंतर्गत चूक), थर्मल ट्रिप (अति तापल्याने वीज तुटणं), वॉचडॉगचा हार्ड रीसेट, अशा नोंदी वेळेसकट मिळतात. 'आयपीएमआयटूल चॅसिस स्टेटस' मध्ये शेवटच्या पॉवर घटनेपुढे 'एसी-फेल्ड' आलं तर विजेचा संशय पक्का. 'चॅसिस रीस्टार्ट_कॉज' ही विचारून बघा. नोंदवही भरलेली असली तरी ती कॉपी केल्याशिवाय साफ करू नका.

तापमानाचा संशय सगळे घेतात, पण तो क्वचितच खरा ठरतो. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो आणि कर्नल तशी नोंद करतो. अगदी हाताबाहेर गेलं तर वीज तोडतो, आणि मग यंत्र सहसा बंदच राहतं. चार मिनिटांत टवटवीत होऊन परत येणं हे तापाचं लक्षण नाही.

डिस्कचा मीटर

बीएमसी नसलेल्या सर्व्हरवर वीज गेली होती की नुसता रीसेट झाला, हे ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे डिस्कचे काउंटर. साटा डिस्कवर 'पॉवर सायकल काउंट', क्रमांक १२. एनव्हीएमईवर 'पॉवर सायकल्स' आणि 'अनसेफ शटडाउन्स'. साध्या रीसेटमध्ये डिस्कची वीज तुटत नाही, त्यामुळे पॉवर सायकलचा आकडा सहसा हलत नाही. वीज खरंच गेली असेल तर प्रत्येक डिस्कवर तो एकाने वाढतो. सगळ्या डिस्कवर वाढला तर पॉवर सप्लाय, केबल किंवा रॅकची वीज. एकाच डिस्कवर वाढला तर संशय त्या डिस्ककडे किंवा तिच्या तारेकडे.

अडचण अशी की आधीचा आकडा माहीत हवा. मॉनिटरिंगमध्ये साठवलेला असेल तर उत्तमच. नसेल तर आजचा लिहून ठेवा आणि सोयीच्या वेळी एक साधा रीबूट देऊन तुमच्या बोर्डवर तो हलतो का ते पडताळा, कारण काही बोर्ड रीबूटमध्येही डिस्कची वीज क्षणभर तोडतात.

दोन बूटमधलं अंतरही बोलकं असतं. नेहमीच्या रीबूटला तुमचं यंत्र किती वेळ घेतं, ते आधी माहीत करून घ्या. तेवढ्याच वेळात परत आलं तर रीसेट, पॅनिक किंवा विजेचा झटका. वीस मिनिटं, तासभर लागला तर मध्ये माणसाचा हात आहे. अशा वेळी 'डीएमआयडीकोड' ने बोर्डचा अनुक्रमांक आणि बायोसची आवृत्ती बघा, जुन्या नोंदींशी ताडून पाहा. बोर्ड बदलून डिस्क नव्या यंत्रात लावल्याचं ग्राहकाला अशा तऱ्हेने कळण्याचे प्रसंगही येतात.

आता तिकीट

आता तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे. तिकिटात यूटीसी वेळ, अचानक गेल्याचा पुरावा, बर्ट किंवा बीएमसीच्या ओळी आणि डिस्कचे आकडे द्या. मग हे विचारा: त्या वेळी या रॅकमधले इतर सर्व्हर गेले का? पीडीयूच्या (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या उपकरणाच्या) आमच्या पोर्टवर काही नोंद आहे का? कोणी तंत्रज्ञ तिथे काम करत होता का? तुमच्या देखरेख व्यवस्थेने रीसेट दिला का? 'हो' किंवा 'नाही' हेच उत्तर येईल असे प्रश्न ठेवा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं.

हार्डवेअर चाचणीचा प्रस्ताव आला तर घ्या, पण आधी बॅकअप तपासून. मेमरी चाचणीच्या एका फेरीने काही सिद्ध होत नाही. रात्रभर चालू द्यायला सांगा. आणि चाचणी निर्दोष आली तरी पॉवर सप्लाय सुटत नाही, कारण त्याचे आजार बहुतेक वेळा भाराखाली आणि लहरीने उमटतात. दुसऱ्यांदा असंच झालं तर निदानाचा हट्ट सोडा आणि डिस्क नव्या चॅसिसमध्ये हलवून मागा. बहुतेक कंपन्यांना तेच सोपं पडतं, तुम्हालाही.

पुढच्या वेळेसाठी सापळा

काहीच सापडलं नाही, असंही होतं. मग पुढच्या वेळी सापडेल अशी व्यवस्था करा. जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज 'पर्सिस्टंट' करा. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. सिसस्टॅट सुरू ठेवा, म्हणजे जाण्याआधीच्या मिनिटांतला भार आणि मेमरी दिसेल. डिस्कचे काउंटर रोज एका फायलीत उतरवा. रासडीमन लावा.

सगळ्यात कामाचं केडंप आणि नेटकन्सोल. केडंप पॅनिकच्या क्षणी राखीव मेमरीतला दुसरा कर्नल उठवून डंप लिहितं. त्यासाठी बूट पॅरामीटरमध्ये 'क्रॅशकर्नल' द्यावं लागतं. नेटकन्सोल कर्नलचे संदेश यूडीपीने थेट दुसऱ्या यंत्राकडे फेकतं, मूळ पोर्ट ६६६६. डिस्कपर्यंत न पोचलेली शेवटची ओळ कधीकधी या वाटेने बाहेर पडते. वेगळ्या नेटवर्कवर पाठवायचं असेल तर गेटवेचा मॅक पत्ता द्यायला विसरू नका, यात माझे दोन तास गेले होते.

केडंप लावलं म्हणजे ते चालतं असं समजू नका. ठरवून घेतलेल्या वेळी, बॅकअप झाल्यावर आणि रिमोट कन्सोल उघडा ठेवून, /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये 'सी' हे अक्षर लिहून स्वतःच पॅनिक घडवा. डंप तयार झाला आणि यंत्र स्वतःहून परत आलं, तरच ते चालतंय. परत आलं नाही तर कन्सोलवर नेमकं कुठे अडलं ते वाचा. बऱ्याचदा राखून ठेवलेली मेमरीच कमी पडलेली असते.